एक माणूस, एक हात

३ मार्च
छत एकोणिसाव्या मजल्यावर

प्रिय धाकट्या,

पत्रास कारण काय ते वेगळं सांगायला नको. मान वर कर, दिसेल. तुमच्या गावापर्यंत त्याची कड अजून पोचली नसेल तर दोन-चार दिवसांत पोचेल. इथे सगळे त्याला नुसतं छत म्हणतात. आकाशापलीकडून काहीतरी आलं आहे, ते जिवंत आहे आणि दिवसाला साधारण एक मजला खाली उतरतं आहे, याच्यापुढे कोणालाच काही कळलेलं नाही. तोफा डागून झाल्या. गोळे आत जातात आणि आतच राहतात, मळलेल्या कणकेत खडे रुतावेत तसे. उंच इमारती वरून दबत चालल्या आहेत. रस्त्यात उभं राहिलं की आधी करकर ऐकू येते आणि मग काचा पडतात. लोक आता भिंतीला चिकटून चालतात.

फोन बंद, म्हणून पत्र. फोन चालू असते तरी तू उचलला नसतास, हे मला माहीत आहे. मी दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला फोन करायचे आणि तिसऱ्या घंटेला ठेवून द्यायचे, म्हणजे आपली बरोबरीच झाली. टपालाचा ट्रक अजून जातो. दोन दिवसांत पोचेल म्हणाले.

आई बरी आहे. गुडघे गेले, कान गेले, जीभ शाबूत आहे. शहर सोडायला तयार नाही. ‘आपण तळमजल्यावर आहोत, आपल्यापर्यंत यायला अवकाश आहे,’ असं म्हणते आणि चहा मागते. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे. इथला नळवाला म्हणतो, पाइप कुठे फुटलाय कळत नाही, अख्खी भिंत फोडावी लागेल. तुझ्या गावची एक बाई मला भेटली होती, ती सांगत होती की तू भिंतीला नुसता हात लावून नेमकी जागा दाखवतोस आणि लोक म्हणतात अनुभव दांडगा आहे. खूप हसले मी. भिंतीच्या आरपार बघणारा माणूस दारात उभा आहे हे त्यांना कुठे ठाऊक! मी सध्या शाळेच्या बसवर आहे. मुलं चढवायची, मोजायची, उतरवायची. नोकरी चांगली आहे.

आता मुद्द्याचं. आपली टोळी पुन्हा जमते आहे. मास्तरांनी सगळ्यांना निरोप धाडले. त्यांचं म्हणणं, बाहेरून कितीही ठोकून काही होणार नाही, आत जायला हवं. आणि आत जायची रीत आपली एकच. तू बघायचं, मी पाऊल टाकायचं, बाकीच्यांनी माझ्या पाठीला हात लावून बरोबर यायचं. ओळखीच्या जागी मी डोळे मिटून जाते. अनोळखी जागी तू ‘इतकी पावलं सरळ, इतकी वर, तिथे पोकळी आहे’ असं सांगितल्याशिवाय माझ्याने जाववत नाही. तुझ्यावाचून आम्ही चौघं म्हणजे नुसती सहल आहे.

बोगद्यात जे झालं ते झालं. धूळ होती, अंधार होता, तुझा हात सुटला. कोणाचाही सुटू शकतो, त्यात काही कमीपणा नाही. मी कधी मनात ठेवलं नाही, तूही ठेवू नकोस. ये.

तुझी
ताई


८ मार्च
छत चौदाव्या मजल्यावर

धाकट्या,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही.

माझंच पत्र मला परत? ‘तुझा हात सुटला’ याच्याखाली तांबडी रेघ आणि समासात चार शब्द, ‘हात सुटला नव्हता, ताई.’ बस्स? शहर चेपत चाललंय आणि तू वही तपासल्यासारखं माझं पत्र तपासतोस? लहानपणी पत्ते खेळताना माझी लबाडी पकडलीस की असाच गप्प बसायचास. आरडाओरडा केला असतास तर निदान भांडता तरी आलं असतं.

तरीही बातम्या सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शेगडीच्या इस्त्रीच्या दुकानात आम्ही जमतो. हो, इस्त्रीचं दुकान. तिच्या तळव्यांतून अजून तशीच आग निघते, म्हणून तिने इस्त्री घेतलीच नाही. कपड्यावर हात फिरवते, घडी घालते. गिऱ्हाइकांना वाटतं इस्त्री मागच्या खोलीत आहे. आपले जुने गणवेश तिने जपून ठेवले होते. माझा कमरेत होत नाही. पैलवानाचा तर कुठेच होत नाही. ती म्हणाली, ‘शिवण उसवून देते, पण पोट आत घ्यायचं काम तुझं.’ तो बिचारा दिवसभर पोट आत घेऊन बसला होता.

पैलवान सामान हलवायचं काम करतो. अजून भरलेला ट्रक एका बाजूने उचलतो, पण गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. लोकांची कपाटं खालून वर फेकतो आणि वरचे झेलतात, असं त्याने सांगितलं. खरं-खोटं देव जाणे. मास्तर पार वाळलेत. जगातली कोणतीही भाषा, अगदी पाखरांची आणि मुंग्यांचीसुद्धा, अजून कळते त्यांना, पण ऐकायला कानात यंत्र लागतं. आज सकाळी तेराव्या मजल्याच्या गच्चीवर जाऊन छताला कान लावून आले. ‘काही बोलत नाही हो ते. एकसारखा एकच आवाज. मला अर्थ लागत नाही.’ मास्तरांना अर्थ लागत नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

तू येणार नाहीस असं धरून मी एकटीने सराव केला. समोरच्या इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं ऑफिस मी कधी पाहिलेलं नव्हतं. अंदाजाने पाऊल टाकलं ते थेट इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. गळ्यापर्यंत पाणी. झाकण उघडून बाहेर आले तेव्हा सगळे पोट धरून हसले. पैलवान मात्र हसला नाही. तो माझ्या उजव्या पायाकडे बघत होता. ते जाऊ दे.

तुझ्या चार शब्दांबद्दल एवढंच सांगते. तू म्हणतोस तसं असलं, तरी आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे? इथे एक माणूस आहे, त्याला ते कळलं तर तो मोडून पडेल. रोज सकाळी आल्या आल्या विचारतो, ‘धाकटा आला का?’ त्याच्या तोंडाकडे बघून मी बोलू शकत नाही. कोण ते विचारू नकोस. एवढं लिहिलं हेच जास्त झालं.

रागावलेली
ताई


१२ मार्च
छत दहाव्या मजल्यावर

प्रिय धाकट्या,

आज शाळेची शेवटची फेरी झाली. मुलांना छताच्या कडेबाहेर नेऊन सोडायचं होतं. त्रेचाळीस मुलं. मी नेहमीसारखी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजली, मग मागून पुढे पुन्हा मोजली. एक चिमुरडी म्हणाली, ‘बाई, तुम्ही टपली मारून का मोजता? आम्ही दिसत नाही का?’ ड्रायव्हरकाका पुढून म्हणाले, ‘बाईंचं कधीतरी मोजण्यात चुकलं असेल गं, म्हणून.’ ते सहज बोलले. मी मात्र सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसले.

घरी आले ती कागदच घेऊन बसले. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. आता लिहिते, मध्ये थांबणार नाही.

तुझा हात सुटला नव्हता. तुझा हात माझ्या पाठीवर नव्हताच.

मास्तरांचा नियम होता, एक माणूस, एक हात, तोही उजवाच. पाऊल टाकताना मला डोळे मिटावे लागतात, म्हणून मी पाठीवरचे हात मोजायचे. चार हात झाले की निघायचं. त्या दिवशी बोगद्यातले सगळे मजूर आपण बाहेर काढले होते. वरून माती सुटत होती, दिवे गेले होते, मास्तर खोकत होते. तू भिंतीपाशी उभा होतास, पलीकडे आणखी कोणी राहिलंय का बघत. मी ओरडले, ‘चला.’ हात पडले. एक, दोन, तीन, चार. मी निघाले.

आपल्या स्वयंपाकघरात डोळे उघडले तेव्हा पैलवानाचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. काळोखाला किती घाबरतो तो, तुला माहीत आहे. घाबरून त्याने दुसराही ठेवला होता. पुढच्याच क्षणी त्याने तो काढला, त्याच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं. मी हात मोजले, माणसं मोजली नाहीत.

सगळे ओरडायला लागले, धाकटा कुठे, धाकटा कुठे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्याचा हात सुटला.’ शपथ घेऊन सांगते, ठरवून नव्हतं. पण नंतर चौकशीच्या ऑफिसात लेखी दिलं, ते ठरवूनच दिलं. पेपरात आलं की तू भेदरून हात सोडलास. ते मी वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. तू तीन दिवस मातीखाली होतास. मजुरांनीच तुला उकरून काढलं. आणि मी हॉस्पिटलात येऊन, सगळ्यांसमोर, तुझ्या केसांवरून हात फिरवत विचारलं, ‘तुझा हात सुटला ना रे?’ तू हो म्हणावंस म्हणून विचारलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, भिंतीपलीकडचं काहीतरी बघतोयस. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे पैलवानासाठी केलं. त्याला कळलं तर तो जीव देईल वगैरे. सपशेल खोटं. मी माझ्यासाठी केलं. मोठी बहीण होते, आईने तुला माझ्या हाती सोपवलं होतं, आणि मला चारपर्यंत धड मोजता आलं नाही, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट सांगणार नव्हते, कारण ती सांगितली की दया मागितल्यासारखं वाटतं. पण आज काहीच लपवायचं नाही, म्हणून सांगते. त्याच रात्री मी परत बोगद्यात आले होते. खचलेला बोगदा ओळखीचा राहिला नव्हता आणि तू सांगायला नव्हतास, म्हणून अंदाजाने. माझा उजवा पाय खडकात निघाला. दोन बोटं तिथेच राहिली. ओळखीच्या स्वयंपाकघरात परत येता आलं म्हणून जिवंत आहे. आणि मग, धाकट्या, दुसऱ्यांदा जायचा मला धीर झाला नाही. पुढचे दोन दिवस मी पायाला फडकं बांधून त्याच स्वयंपाकघरात बसून होते.

येण्यासाठी हे लिहिलेलं नाही. आलास तर आनंद आहे. नाही आलास तरी हे सगळं खरं आहे, आणि ते तुझ्याकडे लेखी असावं.

चुकलेली
ताई


१४ मार्च
छत आठव्या मजल्यावर

प्रिय धाकट्या,

तीन ठिकाणी सांगून आले. क्रमाने सांगते.

आधी आईला. तिच्या चांगल्या कानात तोंड घालून सांगितलं, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ती उठली, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी ठेवलेलं जेवण झाकून ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, ‘अकरा वर्षं तू मला त्याच्यावर रागवायला लावलंस.’ तेवढंच. अजून माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र माझ्याच हातचा मागते, बोटाने खूण करून.

मग ऑफिस. शहर निम्मं रिकामं झालंय, पण ते उघडं होतं. एक कारकून डोक्यावर पातेलं घालून बसला होता, काचांसाठी. मी जुनी जबानी बदलायची म्हटलं. तो म्हणाला, ‘बाई, हे प्रकरण बंद होऊन दहा वर्षं झाली. आणि आता वर बघा जरा. कोण वाचणार आहे?’ म्हटलं, ‘तुम्ही वाचा.’ त्याने वाचलं. पातेलं काढून बाजूला ठेवलं आणि शिक्का मारला. नक्कल सोबत पाठवते आहे.

शेवटी पैलवान. त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. सगळं सांगून झाल्यावर तो कितीतरी वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा भिंत पाडणार. तो म्हणाला, ‘ताई, अकरा वर्षं तू एकटी हे घेऊन फिरलीस? मला उचलायला दिलं असतंस तर. माझं कामच ते आहे.’ मी पार विरघळले रे. मग त्याने कमरेचा पट्टा सैल केला, डावा हात आत खुपसला आणि पट्टा आवळला. तेव्हापासून तसाच हिंडतो. एका हाताने जेवतो, एका हाताने बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करतो. शेगडी त्याच्यावर ओरडून दमली.

१७ तारखेला सकाळी दहाला पाऊल टाकायचं ठरलं आहे. त्याच्यापुढे थांबून चालणार नाही, पाचव्या मजल्याच्या खाली अजून खूप माणसं राहतात. मी म्हटलं, मी एकटीच अंदाजाने जाते, पोकळी सापडली तर परत येऊन तुम्हाला नेते. मास्तर म्हणाले, ‘आणि नाही सापडली तर?’ माझ्या दोन्ही पायांना मिळून आठ बोटं आहेत, त्यांनाही उत्तर माहीत होतं. भीती वाटते, धाकट्या. तुला सांगायला लाज नाही. शेगडी म्हणाली, ‘एकटीबिकटी काही नाही. जायचं तर सगळे.’ पैलवानाने मान हलवली. ही माणसं माझ्या आंधळ्या पावलावर विसंबून यायला तयार आहेत, तीही मी काय केलं ते ऐकल्यावर.

ट्रकवाला म्हणाला, रस्ते बंद व्हायला लागलेत. हे पत्र तुला वेळेवर मिळेलसं वाटत नाही. आईची काळजी घे, एवढंच सांगून ठेवते. ओल आलेली भिंत फोडू देऊ नकोस.

तुझी
ताई


२५ मार्च
छत नाही

प्रिय धाकट्या,

तुला सोडून आले आणि लगेच पत्र लिहायला बसले, तर आई म्हणाली, ‘कालपर्यंत समोर बसला होता तेव्हा काय तोंड शिवलं होतं?’ म्हणजे बोलायला लागली आहे. पण काही गोष्टी मला समोर सांगता येत नाहीत, हे तुला एव्हाना कळलं असेल. माझं १४ तारखेचं पत्र घराच्या दारातच पडलेलं मिळालं असेल. त्यात जे आहे ते तुला माहीत नसताना तू आलास, हे मी रोज दहा वेळा आठवते.

सतरा तारखेची सकाळ माझ्या बाजूने लिहून ठेवते.

पावणेदहा झाले होते. मास्तर घड्याळ बघत होते. शेगडी सगळ्यांच्या गणवेशावर उगाच हात फिरवत होती, माझी बाही जाळली तिने. मी डोळे मिटून मनाची तयारी करत होते. तेवढ्यात दुकानाच्या भिंतीबाहेरून तुझा आवाज आला, ‘पैलवान, विजारीचं बटण लाव.’

दार शेगडीने उघडलं. तू नळवाल्याच्या कपड्यात, पाठीवर हत्यारांची पिशवी, बूट चिखलाने भरलेले. दोन दिवस चालत आलास. मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तू म्हणालास, ‘पत्र मिळालं,’ आणि पाणी मागितलंस. पैलवान तुझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘डावा हात माझा होता रे.’ तू म्हणालास, ‘माहीत आहे. धुळीतून मला दिसतं, विसरलास काय?’

म्हणजे तुला तेव्हाच दिसलं होतं. तिथे उभ्या उभ्या तू पाहिलंस, पैलवानाचे दोन हात, माझी पाठ, आणि मी निघाले ते. चौकशीत ‘हात त्याचा होता’ एवढं बोलला असतास तर सुटला असतास. तू त्याचं नाव घेतलं नाहीस. ज्या माणसाला जपायचं म्हणून मी सोंग केलं, त्याला खरोखर तू जपलंस. नुसतं ताईने खरं बोलावं म्हणून वाट बघत बसलास, अकरा वर्षं. जिद्दी गाढव कुठला.

‘एकोणनव्वद पावलं सरळ, एकवीस वर, तिथे मोठी पोकळी आहे,’ तू म्हणालास. मी काही विचार न करता पाऊल टाकलं. इतकं सोपं होतं ते. मी विसरलेच होते की ते सोपं असतं.

आतलं तू पाहिलंस. उबदार, ओलसर, एखाद्या मोठ्या गोदामाएवढं, आणि तो एकसारखा आवाज. मास्तरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, ऐकलं आणि हसत सुटले. मला वाटलं, गेले मास्तर. ‘अहो, घोरतंय ते! गाढ झोपलंय. झोपेत बुडत चाललंय खाली. शब्दच नाहीत तर अर्थ कसा लागणार?’ जगाचा नाश म्हणून ज्याला सगळे घाबरले त्याला नुसतं कोणीतरी उठवायला हवं होतं. मग शेगडीने, जिथे त्याचे पाय असतील असं तिला वाटलं, तिथे दोन्ही तळवे टेकले. पैलवानाने खांदा लावला आणि एका हाताने गदगदा हलवलं. तू ओरडलास, ‘दुसरा हात काढ की!’ तो ‘नाही’ म्हणाला आणि एका हातानेच हलवत राहिला. मास्तर येतील तेवढ्या भाषांत ओरडले. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘वर्गात ओरडायचो तेच. उठा, शाळा सुटली.’ आणि ते जागं होऊन कुशीवर वळलं.

आपण सगळे पडलो. मग सगळं वर जायला लागलं. थांबलो असतो तर त्याच्याबरोबर कुठल्या कुठे गेलो असतो. मी ओरडले, ‘चला!’ आणि डोळे मिटले.

इथून पुढचं तुला माहीत नाही, ते माझ्या पाठीतलं आहे. हात पडले. एक. दोन. तीन. चार. पाऊल उचललंच होतं. आणि पाच.

धाकट्या, पाच कसे होतील? मी म्हटलं, हा पैलवान पुन्हा! म्हणजे कोणीतरी राहिलंय, किंवा नाही राहिलं, काहीच कळेना. पायाखालचं वर चाललं होतं, मास्तर ‘लवकर!’ म्हणत होते. त्या वेळी मी निघाले असते तर मला कोणी काही म्हणालं नसतं. मी डोळे उघडले आणि मागे वळले. पैलवानाचा डावा हात पट्ट्यातच होता. मग मी बसमध्ये करते तसं केलं. मास्तरांच्या डोक्याला हात लावला. शेगडीच्या. पैलवानाच्या, चवड्यांवर उभी राहून. मग तुझ्या. तुझे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते आणि तू दात काढत होतास.

‘डावाही माझाच. बघत होतो, मोजतेस का.’

मेल्या, असली थट्टा करायची ती जागा होती का? स्वयंपाकघरात पोचल्यावर मी तुला आधी धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून रडले, ते तुला वाटलं त्या छताच्या भीतीने. छताचा काय संबंध? आई ओरडत होती, ‘बूट काढा, बूट! पाचही जणं चिखल घेऊन आलीत!’ पाचही जणं म्हणाली ती. बसल्या जागेवरून मोजलं तिने.

बाहेर ऊन पडलं होतं. एवढ्या दिवसांनी भिंतीवर आपल्या सगळ्यांच्या सावल्या.

ओलीच्या भिंतीवर तू पेन्सिलीने फुली केलीस, तिथेच नळवाल्याने एक वीट काढली आणि काम झालं. वीट पुन्हा बसवली, फुली अजून आहे. आई पुसू देत नाही. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा दार वाजव. भिंतीतून बघून बाहेरूनच ‘ताई, दूध उतू जातंय’ असं बोंबलू नकोस, शेजारी घाबरतात. आणि फोन लागायला लागलेत. मी करीन. चौथ्या घंटेपर्यंत थांबेन.

तुझी
ताई

ता. क. पैलवानाने अजून पट्ट्यातून हात काढलेला नाही. मी सांगून पाहिलं, शेगडीने चटका देऊन पाहिला. त्याला माझं पटत नाही, आणि खरं तर त्याला यातून सोडवायचा अधिकार माझा नाहीच. तू त्याला दोन ओळी लिही. कपाटं एका हाताने फेकायला लागलाय तो, खालून वर, आणि वरच्यांना झेलवत नाहीत.